निजाई निजली आहे

पांघरुणं घेतलीत? मग ऐका. आणि मधे मधे ‘हं’ म्हणत राहा, बरं का. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबते.

एक होता डोंगर. त्याचं नाव निजाई. पायथ्याला एक गाव होतं, त्याचं नाव उशी. का उशी? तर लोक सांगायचे, हा डोंगर म्हणजे निजलेली राक्षसीण आहे, आणि तिचं डोकं आपल्या गावाकडे आहे.

उशीत गोजरा नावाची बाई राहायची. शेळ्या राखायची. जन्माची मुकी. तोंडातून एकच आवाज निघायचा, ‘हं’. बाया थट्टा करायच्या, “गोजरे, नवऱ्याशी भांडतेस तरी कशी गं?” गोजरा हसायची आणि ‘हं’ म्हणायची.

पण तिला गावात एक मान होता. भिवराई नावाची म्हातारी सुईण दर सोमवारी दुपारी पारावर निजाईची गोष्ट सांगायची. उशीत रीत अशी, की हुंकार मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही. तो हुंकार गोजराने द्यायचा.

गोष्ट लहानशीच. निजाई निजली आहे. तिच्या अंगावर घण घालू नका, झोप मोडेल. विहिरीचं पाणी तांबडं झालं, तर समजा ती कूस बदलणार. मग भांडीकुंडी गोळा करत बसू नका. पोरं घ्या आणि समोरच्या टेकाडावर जा. बस, एवढीच.

मग काय झालं, राजाला नवा महाल बांधायचा होता. त्याला काळा दगड हवा, आणि काळा दगड निजाईत. पाथरवट आले. त्यांनी गोष्ट ऐकली आणि घण खाली ठेवले. “निजलेल्या बाईवर घाव कोण घालणार?” म्हणाले आणि घरी गेले.

राजा चिडला. पण प्रधान हुशार होता. तो म्हणाला, “महाराज, गोष्ट मोडू नका, लोक बिथरतील. एक शब्द तेवढा बदला. निजाई निजली नाही, मेली. आपल्या आजोबांनी तिला तलवारीने मारली.” राजाला हे फार आवडलं. आजोबा जन्मभर पलंगावरून उतरले नव्हते, पण ते सांगायचं कुणी?

मग राजाने भिवराईला पैठणी धाडली. निरोप एकच, ‘मेली’ म्हण. भिवराई म्हणाली, “लुगडं सुरेख आहे. पण ती निजली आहे.” मग राजाने शिपाई धाडले. त्यांनी तिचं घर पाडलं. ती पारावर राहायला गेली आणि म्हणाली, “निजली आहे.” मग राजाने दवंडी पिटवली. भिवराईला जो हुंकार देईल, त्याची जीभ कापू.

त्या सोमवारी भिवराई पारावर बसली. “निजाई निजली आहे,” म्हणाली आणि थांबली. समोर सगळं गाव. निम्म्यांना तिनेच जगात आणलेलं. पण जो तो आपल्या पायांकडे बघत बसला. कुणी ‘हं’ म्हणेना.

गोजराने मनाशी विचार केला. माझी जीभ कापून यांना काय मिळणार? आणि ती म्हणाली, ‘हं’.

शिपाई हसले. “ही तर मुकी. ही ऐकून कुणाला सांगणार?” म्हणून सोडून दिली. मग भिवराईने एकट्या गोजरासाठी गोष्ट पुरी केली. त्याच वर्षी ती गेली. जाताना म्हणाली, “गोजरे, तुझ्याकडे ठेवते बाई. दुसरं कुणी घेईना.”

मग पारावर राजाचे भाट आले. त्यांनी पेढे वाटले आणि नवी गोष्ट शिकवली. पोरांनी ती पाठ केली. निजाई मेली, निजाई मेली. पाथरवट परत आले. घण पडू लागले, ते वर्षानुवर्षं पडत राहिले. गोजरा शेळ्यांमागे जायची आणि डोंगराला कान लावून बसायची.

मग एका आषाढात सहा दिवस पाऊस थांबला नाही. सातव्या सकाळी गोजराने विहिरीत पोहरा सोडला. वर आला तो तांबड्या पाण्याने भरलेला.

ती पाटलाकडे धावली आणि त्याचा हात ओढू लागली. पाटील मनाचा चांगला. त्याला वाटलं भूक लागली असेल, त्याने भाकरी दिली. मग ती पुजाऱ्याकडे धावली. त्याने कपाळाला अंगारा लावला. मग ती शेजारच्या सारजाकडे धावली. सारजा म्हणाली, “जा गं बाई, पाण्यापावसाचं काय खूळ हे?”

तेव्हा गोजराला आठवलं. पोरं घ्या. तिने सारजाचं तान्हं पाळण्यातून उचललं आणि पळत सुटली.

“मुकीने पोर पळवलं.” गावभर बोंब झाली. मागून सारजा धावली, तिच्या मागे बाया, बायांच्या मागे पोरं, मागून काठ्या घेतलेले पुरुष. टेकाडावर त्यांनी गोजराला गाठलं. एक काठी तिच्या पाठीत बसली. दुसरी उगारली होती, ती तशीच राहिली.

निजाईने कूस बदलली. गाव उशी होतं. उशीवर डोकं पडलं.

मारायला धावले ते वाचले. पाटील भला माणूस, तो खालीच राहिला. पुजारी राहिला. ‘जाऊ द्या बिचारीला’ म्हणणारे सगळे राहिले.

आणि राजा? राजाला काही झालं नाही. त्याचा महाल लांब होता आणि दगड चांगला होता.

मग उरलेले लोक टेकाडावर बसले. कुणीतरी विचारलं, “भिवराईची गोष्ट काय होती गं?” कुणाला धड आठवेना. सारजा म्हणाली, “निजाई मेली...” गोजरा गप्प. सारजाने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “निजाई निजली आहे.” गोजरा म्हणाली, ‘हं’.

मग सगळे तिच्याभोवती सरकले. चुकलं की गोजरा गप्प बसायची, बरोबर आलं की ‘हं’ म्हणायची. “पाणी हिरवं?” गप्प. “काळं?” गप्प. “तांबडं?” ‘हं’. असा एकेक शब्द परत मिळवत पावसाळा सरला. मग त्यांनी टेकाडावरच घरं बांधली. तान्हं मोठं झालं, शेळ्यांना पिल्लं झाली, आणि उरले ते सुखाने नांदले.

तीच ही गोष्ट, बरं का. निजाई अजून तिथेच आहे. मेली?

गप्प बसलात. शहाणी माझी लेकरं.

निजली आहे.

हं. आता तुम्हीही निजा.