समाधीच्या दगडावरचं नाव

“पण बाबा, खाली माझं नाव घातलं तर बिघडलं कुठं?”

भैरूगिरी गोसाव्यानं सुपारी कातरली.

सोपानगिरी म्हंजे त्याचा थोरला चेला. म्हातारा अजून दोन भाकऱ्या हाणतोय, आन ह्या पठ्ठ्यानं त्याच्या समाधीचा दगडसुद्धा घडवायला टाकलेला. वर बाबांचं नाव. खाली, ‘पट्टशिष्य सोपानगिरी यांनी बसविला.’ पाथरवट छिन्नी घेऊन खोळंबला होता, आन बाबा काही हो म्हणंना. चेल्याच्या जिवाला घोर.

“चल, शहरात जाऊन येऊ,” बाबा म्हणाला.

नेलं ते सरळ म्युझियमात.

कोपऱ्यात चुनखडीचा एक दगड उभा. छातीएवढा उंच. अंगावर कोरलेली अक्षरं, वरच्या बाजूला पार झिजलेली.

“पाटी वाच.”

सोपानगिरीनं वाचली. “थडग्याचा दगड. फार जुना, परमुलखातला. मेलेल्याचं नाव पुसलंय बाबा... ‘थेऑन याने उभारला’, एवढंच लागतंय.”

आन वाचता वाचता त्याची कळी खुलली.

“बघा! बसवणाऱ्याचं नाव टिकलं.”

“टिकलं खरं.”

बाबानं चपला काढून बाजूला सारल्या.

पहारेकरी लगबगीनं आला. “आजोबा, हे देऊळ न्हाई. घाला चपला.”

“कुणीतरी मेलंय न्हवं, लेकरा?”

पहारेकरी रोज त्या दगडाला पाठ लावून उभा राहणारा गडी. वळून बघितलं... मग हळूच डोक्यावरची टोपी काढली.

बाबानं हात जोडले. झिजल्या जागेला.

सोपानगिरी दोघांच्या मधी उभा, पायात वहाणा तशाच. त्याला उगंच अवघडल्यागत झालं.

“कुणाला हात जोडले, बाबा?”

“काय की. नाव कुठं ठावं हाय?”

“आन थेऑनला?”

“त्याला कशाला? त्याचं नाव हाय की.”

सोपानगिरीनं खाली बघितलं. मग वाकून वहाणा काढल्या. पण मनातली रुखरुख काही जाईना.

बाहेर पायरीवर आल्यावर त्यानं विचारलंच, “मग... पाथरवटाला काय सांगू?”

बाबानं चपलेत पाय सरकवला. गालातल्या गालात हसला.

“तुझं नाव खोद म्हणावं. चांगलं ठसठशीत. माझी जागा तेवढी कोरी ठेव... लोकांनी हात जोडायचे कुठं?”