उमाक्काच्या जिभेवरचा पहारा

बोरवंडच्या आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावच्या शाळेतून रोज पोरांचं रडणं ऐकू यायचं. ते विहिरीपर्यंत आलं की बायका म्हणायच्या, "शिकवणं चाललंय."

मग जुने पंतोजी गेले आणि उमाक्का नावाची मास्तरीण आली. त्या दिवसापासून रडणं बंद झालं. गावाला शंका आली. मार नाही, रडणं नाही, मग ही बाई पोरांना करते तरी काय?

कुंभाराच्या शिदबाला सगळे ठोंब्या म्हणत. उमाक्का त्याला म्हणाली, "शिदबा, काल तुझी रेघ पडत होती, आज उभी राहिली. आता तिचं अक्षर होईल." आणि अक्षर झालं. ती जे बोलायची ते व्हायचं, असं म्हणतात. चेटकाच्या भीतीनं लोक दारावर लिंबाचा पाला बांधू लागले.

रायाजी पाटलाची लेक रखमा अडखळत बोलायची. घरात तिला बोबडी म्हणत, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. उमाक्का तिच्यासमोर बसायची आणि म्हणायची, "सावकाश बोल. मी ऐकतेय." एका सकाळी रखमा परसात बेचा पाढा म्हणताना पाटलानं ऐकलं. त्याला आनंद व्हायचा, तर घाम फुटला.

"जिच्या बोलण्यानं मुकी पोर बोलते," तो चावडीवर म्हणाला, "तिच्या बोलण्यानं बोलता माणूस मुकाही होईल. तिच्या तोंडून एकदा शाप निघू दे, म्हणजे चेटकीण कोण ते कळेल."

गाव घेऊन तो शाळेत शिरला. तिला नाही नाही ते बोलला. धूळ पसरलेल्या ज्या पाटीवर पोरं अक्षरं गिरवत, ती त्यानं लाथेनं उडवली. मग तो शापाची वाट बघत थांबला. बायकांनी लेकरांचे कान झाकले.

उमाक्कानं उलटलेली पाटी सरळ केली. ती म्हणाली, "पाटील, तुम्ही केलंत ते वाईट केलंत. पण लेकीच्या काळजीनं स्वतः आलात, दुसऱ्याला पाठवलं नाहीत. बसा, ती शिकते कशी ते बघा."

तेवढ्यात रखमा उठली. "आ... आबा," ती म्हणाली, "अक्का मला बो... बोबडी म्हणत नाहीत. तुम्ही पण म्हणू नका."

सगळ्या गावादेखत ती पहिल्यांदाच बोलली होती. सांडलेली धूळ त्या वेळी आपोआप सरकली आणि तिच्यात रखमाचं नाव उमटलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं वारा होता.

पाटील दारातल्या दगडावर बसला. पण त्याचा संशय गेला नाही. "आज नाही तर उद्या शाप देईल," असं म्हणत तो रोज येऊन बसू लागला. उमाक्का पोरांना म्हणायची, "हे चुकलं, ये, परत काढू." पाटील कान टवकारायचा. शिवी काही यायची नाही. असे किती पावसाळे गेले कुणास ठाऊक. एकदा देवळापुढून जाताना तो थबकला. घंटेवरची अक्षरं त्यानं मोठ्यानं वाचली आणि स्वतःच दचकला. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गाव आता पाटलाकडेही संशयानं बघू लागलं.

पुढं उमाक्का गाव सोडून गेली. कुठं, ते कुणी सांगत नाही. जाताना पाटील तिला वेशीपर्यंत पोचवायला गेला. कुणी म्हणतं तो रडला, कुणी म्हणतं तिनं आता तरी शाप द्यावा म्हणून वाट बघत होता.

बोरवंडला आजही नवे गुरुजी आले की गावातली एक म्हातारी शाळेच्या दारात येऊन बसते. गुरुजींनी कुणाला गाढव म्हटलं की ती खोकते. त्याला उमाक्काचा पहारा म्हणतात. एकदा वैतागून एका गुरुजींनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

म्हातारी म्हणाली, "काही नाही. तुम्ही जसं बोलाल, पोरं तशीच होतात."