झऱ्यावरची टाच

डोंगरांना नावं मिळण्याआधीची ही गोष्ट. ज्या आदिम महाकायांनी ते डोंगर घडवले, त्यांतला एक दमून दरीत झोपला आणि त्याची टाच नेमकी झऱ्यावर पडली. पाणी बंद झालं. प्राणी भीतीने रोज त्याच्या पायाशी फुलं वाहून त्याची स्तुती गाऊ लागले.

साळू नावाच्या साळिंदरिणीची दोन पिल्लं तहानेने निपचित पडली होती. ती महाकायाच्या अंगावर चढायला निघाली, तेव्हा अस्वलदादा म्हणाले, "अगं, देवाला उठवतेस? चिरडून टाकेल तुला."

"पिल्लं तशीही मरतायत, दादा."

गुडघा, छाती, खांदा असं करत ती दोन दिवस चढली. नखं तुटली, तरी थांबली नाही. कानाशी पोचल्यावर म्हणाली, "देवा, तुमची टाच आमच्या झऱ्यावर आहे. तेवढी काढा."

तळ्याएवढा डोळा उघडला.

"झोपेत स्तुती ऐकू येत होती," महाकाय म्हणाला. "टाचेचं कुणी बोललंच नाही."

त्याने पाय उचलला आणि साळूला तळहातावरून अलगद खाली उतरवलं. फुलांचा ढीग पाण्याबरोबर वाहून गेला. साळूने पिल्लांना काठाशी नेलं, आणि ती पिऊ लागल्यावरच स्वतः पाण्याला तोंड लावलं.