उपचारात काही कमी नव्हतं

फार फार जुनी गोष्ट. राजा कोणता, गाव कोणतं, ते आता कुणालाच आठवत नाही. पण लहानथोरांनी जवळ बसून ऐकावी अशी आहे.

एका गावात दुलबा आणि नागोजी हे दोघे तांबट भाऊ राहत. आईबाप लवकर गेले. थोरल्या दुलबाने धाकट्याला पाठीशी बांधून भाता ओढला, आणि तो मोठा झाल्यावर त्याचा हात हातात धरून तांब्यावर ठोका घालायला शिकवलं. पुढे नागोजीच्या घागरींची कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजाने त्याला नदीपलीकडच्या राजधानीत बोलावून आपल्या कारखान्याचा मुख्य केलं.

एका हिवाळ्यात दुलबाने अंथरूण धरलं. छातीत कफ दाटला, अंगातला जोर ओसरला. निरोप ऐकताच नागोजीच्या काळजात चर्र झालं. त्याने राजधानीतल्या नामांकित वैद्यबुवांना बोलावलं आणि हात जोडले.

"उपचारात काही कमी पडू देऊ नका. दादासाठी लागेल ते मागा."

वैद्यबुवांबरोबर त्याने मध पाठवला, जुनं तूप पाठवलं, केशर पाठवलं, उबदार घोंगड्या पाठवल्या, सेवेला गडी पाठवले.

स्वतः मात्र गेला नाही.

राजाच्या देवळाचा कळस घडवायचा आहे, हातचं काम टाकून कसा जाऊ, असं तो लोकांना सांगे. खरं कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं. ज्याच्या घणाच्या घावाने घराच्या भिंती हादरत, तो दादा आता पाण्याचा पेलाही उचलू शकत नाही, हे त्याला बघवणार नव्हतं. दादा थोडा सावरला की जाऊ, अशी तो मनाची समजूत घाली.

काही दिवसांनी वैद्यबुवा परत आले.

"कसा आहे दादा?" नागोजीने विचारलं.

"औषध घेतो, पथ्य पाळतो. पण उतार पडत नाही."

"मग आणखी भारी औषध द्या. सांगा, काय पाठवू?"

वैद्यबुवांनी औषधांची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नागोजी, आमच्या गुरूंनी पहिला धडा दिला तो 'उपचार' याच शब्दाचा. उपचार म्हणजे जवळ जाणं. रोग्याच्या जवळ जायचं, बसायचं, त्याचं दुखणं ऐकायचं. मुळी-पाला त्यानंतर. तुझा भाऊ बाहेर पावलं वाजली की दाराकडे बघतो. मी आत आलो की मान फिरवतो."

नागोजीची नजर खाली गेली. "कळस झाला की जातो," तो पुटपुटला.

कळस झाला. नागोजी नदी उतरून गावी निघाला. घर दिसू लागलं तेव्हा दारात माणसं जमली होती आणि कुणी बोलत नव्हतं. दुलबा त्याच दिवशी सकाळी गेला होता.

नागोजी वहिनीच्या पायांशी कोसळला. "वहिनी, काय कमी पडलं हो?"

"काही कमी नव्हतं, भाऊजी," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "औषध होतं, तूप होतं, माणसं होती. शेवटी शेवटी ते रोज विचारायचे, नागूने आज काय पाठवलं? मी एकेक वस्तू सांगायचे. ते 'बरं' म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे."

नागोजीने दादाचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. भिऊन दूर राहावं असं त्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

सुतकाच्या दिवसांत राजधानीतली मानकरी मंडळी भेटायला आली. अंगावरच्या शालीची घडी न मोडता बसली, "फार वाईट झालं" म्हणाली आणि उठली. अंगणात एक मानकरी दुसऱ्याच्या कानाशी लागला, "चला, तेवढा उपचार उरकला."

ते शब्द नागोजीने ऐकले. तो ताडकन उठला, पण दारापाशी त्याचे पाय अडखळले. रागवायचं कोणत्या तोंडाने? भरल्या हातांचे गडी धाडून त्यानेही तेच केलं होतं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढे नागोजीचं नाव आणखी मोठं झालं. कुणी आजारी आहे असं कळलं की तो तापलेलं तांबं तसंच टाकून जाई आणि त्या माणसाच्या उशाशी बसून राही. लोक त्याला भला माणूस म्हणत. त्याला मात्र ठाऊक होतं की ज्या एका उशाशी बसायचं होतं, ते अंथरूण केव्हाच गुंडाळलं गेलं होतं.

म्हणून बाळांनो, औषध दुसऱ्याच्या हाती धाडता येतं. मायेला मात्र आपल्याच पायांनी जावं लागतं, आणि तेही वेळेवर.