राखून ठेवलेली जागा

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या गुरूंकडे आली, ती सगळी उत्तरे पाठ करून. तिचे नाव शाल्मली. जळगावच्या महाविद्यालयात ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिने एका नामवंत व्यवस्थापन संस्थेकडे अर्ज केला होता. त्या संस्थेची रीत अशी, की विद्यार्थी शिकत असतानाच त्याची निवड करायची, त्याची जागा राखून ठेवायची आणि दोन वर्षे बाहेर नोकरी करून आल्यावर त्याला वर्गात घ्यायचे. लेखी टप्पा पार पडला होता. मुलाखत तोंडावर आली होती, आणि शाल्मलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पहिल्या वर्षी ती गणितात नापास झाली होती. पुढे तो विषय सुटला, गुणही उत्तम मिळू लागले. पण आपले केव्हाही फसू शकते, ही धास्ती मनात शिरली ती निघालीच नाही. वडील नव्हते. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका. तिने कौतुकाने सबंध वॉर्डाला मुलीच्या मुलाखतीची बातमी सांगून टाकली होती. शाल्मलीला वाटे, ही जागा एकदा पक्की झाली की आपण सुटलो. मग भ्यायचे कारणच उरणार नाही.

हसबनीस सरांनी तिला अर्थशास्त्र शिकवले होते. आता ते निवृत्त होते आणि मोजकेच बोलत.

"सर, माझी सरावाची मुलाखत घ्याल?"

"घेतो की. बाहेर जा, दार वाजव आणि आत ये."

ती आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. "नमस्कार. माझं नाव शाल्मली इंगवले. मी..."

"पुरे," सर म्हणाले. "तुझी निवड झाली. जागा राखून ठेवली आहे. दोन वर्षांनी ये."

"पण सर, अजून तुम्ही काही विचारलंच नाही!"

"निवड झालेल्याला काय विचारायचं? ये आता."

त्यांनी तिला ओसरीपर्यंत आणून सोडले आणि दार लावून घेतले.

 आधी शाल्मलीला हसू आले, मग राग. वयोमानामुळे सरांचे काही बिनसले की काय, अशी शंकाही येऊन गेली. तिने चपला पायांत सरकवल्या. पण सर उगाच काही करणारे नव्हेत, हे ती जाणून होती. ती पायरीवर टेकली आणि तिने मनाशी म्हटले, समजू या की झाली निवड.

आई वॉर्डात पेढे वाटते आहे. सगळे वाहवा करताहेत. क्षणभर तिची छाती अगदी हलकी झाली.

आणि मग दोन वर्षांचा विचार आला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. रावेरजवळच्या केळी-प्रक्रिया कारखान्यानेही बोलावले होते. उन्हाळ्यात तिने तिथे प्रशिक्षण घेतले होते. वेफर्स होण्याआधीच किती केळी उकिरड्यावर जातात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यावर काही करता येईल का, हा विचार तिला सोडत नव्हता. मन रावेरकडे धावत होते. पण तिथे फसलो तर? हिला उगाच घेतले, असे संस्थेला वाटले तर? दिलेली जागा काढून घेतली तर?  

बऱ्याच वेळाने सर चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"काय झालं निवड झाल्यावर?"

"भीती गेलीच नाही, सर." तिचे डोळे भरून आले. "उलट वाढली. आता हातचं जाईल याची भीती."

सरांनी एक कप तिच्या हाती दिला. मग म्हणाले, "शिकायचं असेल तर ती जागा जरूर माग. भीतीवरचं औषध म्हणून मागू नकोस. ते त्या संस्थेकडे नाही, माझ्याकडेही नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत वर्गात पहिलं वाक्य बोलताना माझे पाय कापत. भीती गेल्यावर शिकवू म्हटलं असतं, तर तुला मी भेटलोच नसतो. आणि ती दोन वर्षं, शाल्मली, जागा मिळो न मिळो, तुझीच आहेत. त्यांचं काय करायचं, हेही तू परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवणार?"

"पण भीतीनं पाऊलच उचललं नाही तर?"

"तर थोडं थांबायचं. मग उचलायचं."

शाल्मलीने घरी जाऊन आधी रावेरला होकार कळवला. मुलाखतीत तिला विचारले गेले, "निवड झाली नाही तर काय कराल?" तिचा आवाज चिरकला. तरी ती म्हणाली, "रावेरलाच जाईन," आणि वाया जाणाऱ्या केळ्यांविषयी अडखळत का होईना, मनापासून बोलली. पाठ केलेले एकही वाक्य तिला आठवले नाही.

निवड झाली नाही.

ती आईच्या कुशीत शिरून खूप रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "वॉर्डात काय सांगायचं ते मी बघते. तू जेवून घे."

निकालानंतरच्या सोमवारी शाल्मली कारखान्याच्या फाटकाशी उभी होती.  परतीची बस समोरच थांबली होती. ती बस निघून जाईपर्यंत शाल्मली तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग आत गेली.

पॅकिंग विभाग सांभाळणाऱ्या चंद्रकलाबाईंनी तिच्या हाती एप्रन दिला.

"हात का गं थरथरताहेत?"

"भीती वाटतेय, ताई."

"वाटू दे. एप्रन बांध, मग माल दाखवते."

शाल्मलीने हात मागे नेऊन बंद बांधले. हात थरथरतच होते. गाठ मात्र नीट बसली.