अडीचच्या बांगड्या

राणीसाहेबांनी हुकूम सोडला, "तीसही दासी मला सारख्या. सगळ्यांना एकाच मापाच्या बांगड्या भरा!"

वीसजणींचं माप सव्वादोन, दहाजणींचं तीन. दिवाणजींनी सगळ्या मापांची बेरीज केली, तिसाने भागलं आणि ऐटीत कासारणीकडून अडीचच्या बांगड्या मागवल्या. त्या वीसजणींच्या हातातून गळून पडल्या आणि दहाजणींच्या हातात शिरेनात.

"या कासारणीला हद्दपार करा!" दिवाणजी कडाडले.

गोजरा कासारीण म्हणाली, "जाते की. त्याआधी अडीचच्या हाताची एक तरी बाई दाखवा."

कुणीच पुढे आलं नाही. राणीसाहेबांनी विचारलं, "मग तू कोणतं माप घेतलं असतंस?"

"सगळ्यात जास्त हात ज्या मापाचे, ते. सव्वादोन. वीसजणी तरी नटल्या असत्या. पण हुकूम पाळला तो दिवाणजींनीच, बाईसाहेब. तीसहीजणींना अगदी सारखं वागवलं, एकीच्याही हातात बांगडी नाही!"