उणे अठरातला हुकूम

रत्नागिरीतल्या एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजचे मालक सरपोतदार साहेब म्हणजे मोठा हुकमी माणूस. करोनात तिथली यंत्रं सांभाळणारी मंडळी घरूनच संगणकावर काम करू लागली आणि काम एक दिवसही अडलं नाही. साहेबांना खुपलं ते नेमकं तेच. एका सकाळी फर्मान निघालं, "आज बारानंतर घरून जो एक बटण दाबेल, त्याची नोकरी गेली!"

सव्वाबाराला साहेब स्वतः उणे अठरा अंशांच्या शीतखोलीत शिरले आणि घरी बसलेल्या सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावून गरजले, "बघा! काम असं जागेवर उभं राहून होतं!"

तेवढ्यात मागचं विजेचं दार बंद झालं. आतून दार उघडायची कळ बर्फाने गोठलेली. बाहेरून चौघांनी जोर लावला, पण दार हलेना. दोन मिनिटांत साहेबांचे दात वाजू लागले.

"शितूत मॅडम, दार उघडा!"

यंत्रांचा ताबा असलेल्या मेघना शितूत देवरुखला आपल्या घरात होत्या. त्यांचं बोट संगणकावर दाराच्या बटणावरच होतं.

"उघडते, साहेब. निघालेच. ऑफिसला पोचायला दीड तास लागेल."

"दीड तासात मरेन मी! घरून उघडा!"

"घरून दाबलं तर नोकरी जाते, साहेब."

"नाही जात! कुणाचीच जात नाही! दाबा!"

वाक्य संपायच्या आत दार उघडलं.

ब्लँकेटात गुंडाळलेले साहेब फोनवर कुरकुरले, "शेवटी माझा हुकूम मोडलातच."

"छे, साहेब," बाई म्हणाल्या, "हुकूम तुम्हीच मोडलात. मी फक्त दार उघडलं."